आप्पा ऑफ आहेत

शाहूपुरीतल्या त्या घरात आम्ही पहिल्यांदा सामान चढवत होतो तेव्हाची गोष्ट. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. पन्नाशी ओलांडलेला, ठेंगणा, पांढऱ्या टोपीतला एक माणूस जिना चढून वर आला, दारात थांबला आणि अत्यंत सहानुभूतीनं म्हणाला, "तुमच्यातलं कोण ऑफ झालंय?"

मी दचकून नवऱ्याकडे पाहिलं. तो पलंगाच्या पायात अडकला होता, पण जिवंत होता.

"कुणीच नाही. का हो?"

"न्हवं, भर दुपारचा बल्ब पेटलाय. म्हटलं कोणतर ऑफ झालं असंल, दिवा ठेवलाय उशाला." असं म्हणून त्यांनी हात आत घातला, बटण दाबलं, "आता झाला ऑफ," असं समाधानानं सांगितलं आणि खाली निघून गेले. नाव नाही, गाव नाही. आमच्या जिन्याखालच्या खोलीत राहणाऱ्या आप्पा मगदूमांशी आमची ओळख ही अशी झाली.

आप्पा शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडतीवर, म्हणजे दलालाच्या पेढीवर, दिवाणजी होते. इंग्रजीशी त्यांचा संबंध एवढ्या एका शब्दापुरताच, पण तो फार जवळचा. बाकीच्या भाषेचं काम त्यांनी या एकाच गड्यावर सोपवलं होतं. दूध नासलं की ऑफ. सायकलची हवा गेली की ऑफ. सौदे बंद असले की अडत ऑफ, मालकांचं डोकं फिरलं की मालक ऑफ. "मालक ऑफ असला की त्याच्या म्होरं आपुन ऑन व्हायचं न्हाय" हे त्यांच्या नोकरीचं सगळं सार होतं. आणि माणूस गेला की अर्थातच तोही ऑफ. आमच्या कोल्हापुरात हा शेवटचा अर्थ घराघरात आहे. "आजोबा ऑफ झाले" असं इथला माणूस डोळे पुसत पुसत म्हणतो आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. आप्पांनी फक्त त्याची शेती वाढवली.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. त्यामुळे सुरुवातीला माझ्या अंगावर काटा यायचा. एकदा मी त्यांना म्हटलं, "आप्पा, तुमचं सगळं ऑफच का? ऑन कधी काही होतच नाही का?"

"ऑनचं काय हाय टीचरबाई," ते शांतपणे म्हणाले, "ऑन आपसूक हुतंय. पोरं ऑन करत्यात, वारं ऑन करतंय, सरकार ऑन करतंय. ऑफ कराय मातर माणूस लागतोय."

तो माणूस म्हणजे ते स्वतः. पहाटे गल्लीतले दिवे ऑफ, नळ वाहत असला तर तो ऑफ, कुणाच्या रेडिओची खरखर चालू असेल तर घरात शिरून तीही ऑफ. आमच्या घरात परीक्षेच्या दिवसांत आवाज चढला की खालून हाक यायची, "टीचरबाई, पाच मिनिटं ऑफ व्हा की!" आणि मी खरोखरच व्हायची.

जैन माणूस, त्यामुळे जेवण सूर्यास्ताच्या आत. संध्याकाळी ते अंगणात उभं राहून पश्चिमेकडे असं बघायचे, की मावळायचं असेल तर सूर्यानं यांना विचारून मावळावं. "चला, सूर्य ऑफ व्हायला आला" म्हणत चूल पेटवायची, आमटी-भात खायचा, भांडी घासायची आणि जाहीर करायचं, "किचन ऑफ."

नव्या अर्थांशी मात्र त्यांचे खटके उडायचे. कापडाच्या दुकानावर 'वीस टक्के ऑफ' अशी पाटी लागली तेव्हा ते दुकानदाराला गंभीरपणे विचारून आले, "म्हंजे ऐंशी टक्के अजून धुगधुगी हाय म्हणायची." समोरच्या कांबळे सिस्टरनी घराला ऑफ व्हाईट रंग द्यायचं ठरवलं. सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स, बोलायला तिखट. आप्पा भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सिस्टर, पांढरा रंग ऑफ झालाय तर तो लावताय कशाला? ताजा आना की!" सिस्टर म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही आधी तुमची टोपी बघा. ती गेल्या दिवाळीपासून ऑफ व्हाईट हाय." आप्पांनी टोपी काढून उजेडात धरली, भिंतीला लावून पाहिली आणि मुकाट्यानं धुवायला घेऊन गेले.

फुटबॉलचं त्यांना वेड. कोल्हापुरात पेठेचा संघ म्हणजे घरचं कार्य, त्यात नवल काही नाही. पण ऑफसाईड हा नियम त्यांनी मरेपर्यंत मान्य करायचा नाही असं ठरवलं होतं. "चांगला जित्ताजागता पोरगा गोल मारालाय, आन ह्यो म्हणतोय ऑफ!" हे वाक्य ते पंचाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत. त्यांचे चार दोस्त होते, सगळे अडतीवरचे जुने हमाल. मॅच असली की ते चौघं येत आणि आप्पांना अक्षरशः उचलून घेऊन जात.

लग्न केलं नव्हतं. मी एकदा धीर करून विचारलं, तर हसून म्हणाले, "आमचं सीझन हुतं तवा अक्काचं दाजी ऑफ झालं. ल्हान पोरगं हुतं तिच्या पदरात. ते वर येईस्तवर आमचं ऑफ सीझन लागलं. आता त्या गुळाला कोण इचारतंय?" अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, कागलच्या पलीकडच्या एका खेड्यात राहायची. त्या लहान पोराचा, बाळासाहेबचा, आता चांगला संसार होता, ऊस होता, मोटारसायकल होती. ते सगळं आप्पांनी अडतीवर बसून उभं केलं होतं. पण हे त्यांनी आम्हांला कधी सांगितलं नाही. अक्काच दर वेळी आली की सांगायची.

पुढे अडत मालकांच्या मुलांच्या हाती गेली, कॉम्प्युटर आला आणि आप्पांना शाल देऊन, खराखुरा नारळ देऊन नारळ देण्यात आला. "सेंडॉफ म्हणत्यात त्याला," शाल घडी घालत ते म्हणाले. "नुसतं ऑफ न्हाय. आधी सेंड, मग ऑफ."

तेव्हापासून बाळासाहेबनं धोशा लावला. मामा, आता एकटं कशाला राहताय, गावाला चला. मळ्यातल्या घरामागं त्यानं खास खोली बांधली होती, संडास-बाथरूमसकट. यात कसलाही डाव नव्हता. अक्काला भावाचं करायचं होतं, मनापासून करायचं होतं, आणि म्हणूनच आप्पांना नाही म्हणता येईना. ते तारखा पुढे ढकलत राहिले. गुळाचं सीझन ऑफ हुंदे. पाऊस ऑफ हुंदे. ही मॅच तेवढी हुंदे. आम्हांला सगळं दिसत होतं. मनातून मी धास्तावले होते, सिस्टरही. पण "जाऊ नका" असं म्हणायचा आम्हांला काय अधिकार? आम्ही शेजारी. सख्ख्या बहिणीसमोर शेजारी किती बोलणार!

आप्पांकडे फोन नव्हता. नातेवाइकांनी आमच्या घरी फोन करायचा आणि आम्ही जिन्यातून हाक मारायची, ही व्यवस्था आमच्याकडे फोन आला त्या दिवसापासून होती. एका रविवारी बाळासाहेब फोन करून शेवटचं काय ते विचारणार होता. टेम्पो कधी पाठवू, एवढाच प्रश्न. त्या सकाळी आप्पा वर आले, चहा घेतला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "साहेब, बाळासाहेबाचा फोन आला तर सांगा, आज मी ऑफ हाय."

"ऑफ म्हणजे?"

"म्हंजे सुट्टी. मी घावलोच न्हाय."

मग मी मावशीकडे गेले. दुपारी चौघं दोस्त आले आणि आप्पांना मॅचला घेऊन गेले. नवरा मटण-भाकरी खाऊन झोपला. माझा नवरा प्रामाणिक माणूस आहे. सांगितलेलं तंतोतंत करतो, त्यात स्वतःचं काही मिसळत नाही. पुढचं संभाषण मी नंतर दोन्ही बाजूंकडून तपासून घेतलं आहे.

"हॅलो, आप्पामामा हाईत काय?"

"आप्पा ऑफ आहेत," नवरा डोळे मिटूनच म्हणाला.

"कवा?"

"सकाळीच. मला स्वतः तसं सांगितलं त्यांनी."

"काय हुतंतं काय त्यास्नी?"

"काही नाही हो. चांगले हसत होते. चहा घेतला आणि म्हणाले, आज मी ऑफ."

"मग आता कुटं हाईत?"

"चौघं आले होते. घेऊन गेले."

"नेलं? आमची वाटबी बघितली न्हाय?"

"उशीर झाला की तिथं जागा मिळत नाही," नवऱ्यानं समजावलं. "रविवारची गर्दी फार."

यानंतर पलीकडून जो आवाज आला तो नवऱ्याला लाईनीची खरखर वाटली. दोनदा हॅलो म्हणून त्यानं फोन ठेवला आणि कूस बदलली.

उन्हं कलल्यावर मी परत आले तर गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा. आप्पांच्या खोलीला कुलूप, आणि पायरीवर अक्का. अंगणभर गावाकडची माणसं. बायकांनी पदर तोंडाला लावलेले. बाळासाहेब भिंतीला डोकं टेकून उभा.

"काय झालं?" मी विचारलं.

"आप्पा ऑफ झालं," कुणीतरी म्हणालं.

शाळेत माझ्या नावानं मुलं चळाचळा कापतात, पण मी तिथेच अक्काशेजारी पायरीवर बसले आणि हुंदके देऊन रडले. गल्ली जमली. कांबळे सिस्टर ड्यूटीवरून येत होत्या, त्याही थांबल्या. त्यांनी डोळे पुसले आणि सवयीनं विचारलं, "सर्टिफिकेट कुणी दिलं?" ते कुणालाच माहीत नव्हतं. पण दुसऱ्या कुणाला तरी माहीत असणार, असं प्रत्येकाला वाटत होतं.

अक्का हेल काढून रडत होती. "चल म्हणत हुते रं तुला, आप्पा! हितं तुजं कोण हुतं? परक्या मुलखात एकटाच गेलास की रं!"

अशा वेळी आप्पा आले.

त्यांचा संघ जिंकला होता. खिशात शेंगा होत्या. अंगणातली गर्दी पाहून त्यांनी चौघांना खुणेनं गप्प केलं, टोपी काढली, हात जोडले आणि मागच्या रांगेत उभे राहिले. शेजारी टेम्पोचा ड्रायव्हर होता. तो काही त्यांना ओळखत नव्हता.

"कोण ऑफ झालं?" आप्पांनी हळूच विचारलं.

"हितलंच कोणतर म्हातारं."

"अरारा. कोण का असंना, माणूस चांगला असणार. न्हायतर एवढी माणसं कशाला रडत्यात?" आप्पांचे डोळे भरून आले. "नाव काय म्हणायचं?"

"मगदूम. आप्पा मगदूम."

आप्पांनी मान हलवली. मग मान हलवायची थांबली. "आँ?" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की सगळं अंगण मागे वळलं. "मग मी कोण हाय?"

एक बाई किंचाळली. अक्का उठली, गर्दीतून वाट काढत आली, भावाच्या तोंडावरून हात फिरवला, नाक चाचपलं, आणि एक सणसणीत ठेवून दिली. "जित्ता हाईस व्हय रं, मुडद्या!" असं म्हणून तिनं त्यांना अशी मिठी मारली की खिशातल्या शेंगा खाली सांडल्या.

नेमका तेव्हाच माझा नवरा डोळे चोळत जिना उतरला. "अरे, आलात का आप्पा?" तो जांभई देत म्हणाला. "तुमचा फोन आला होता. मी बरोबर सांगितलं, ऑफ आहेत म्हणून."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. सगळ्यात आधी हसल्या कांबळे सिस्टर. मग बाळासाहेब. मग ते हसू अंगणातून जे पसरलं ते आवरेना. रडून रडून दमलेल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या. नवऱ्याला शेवटपर्यंत आपलं काय चुकलं ते कळलं नाही. अजूनही तो म्हणतो, निरोप शब्दशः दिला होता.

आणि एकदम आप्पांनी पश्चिमेकडे पाहिलं. "अगं, सूर्य ऑफ व्हायला आला! ही माणसं उपाशी हाईत!"

मग जी धावपळ उडाली! गावाकडची बहुतेक मंडळी जैन. दिवस मावळायच्या आत जेवायला हवीत, आणि कांदा-लसणाशिवाय. मी आधी माझ्या स्वयंपाकघरात जाऊन मटणाचं पातेलं दडवलं, खिडक्या उघडल्या आणि पिठलं टाकलं. सिस्टरनी भाताचं मोठं पातेलं चढवलं. कुणाकडून दही आलं, कुणाकडून गूळ-तूप. चौघे हमाल पाण्याच्या कळशा वाहत होते. अंगणात पंगत बसली आणि मयताला आलेली माणसं लग्नाला आल्यासारखी जेवली. आप्पा वाढत होते आणि दर पानापाशी ओरडत होते, "हात चालवा, अजून ऑफ न्हाय, अजून जरा हाय!"

हात धुऊन झाल्यावर अक्का म्हणाली, "गाडी आल्याच हाय आता. घे कापडं, चल."

आप्पा पदार्थांची भांडी गोळा करत होते, ती त्यांनी खाली ठेवली.

"अक्का, मला न्हाय याचं," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच एवढं सरळ.

"का? माझ्यासाठी जन्म घातलास गुळात. आता मला करू द्याचं न्हाय व्हय? हितं तुजं हाय तरी कोण, सांग की."

ज्या माणसाकडे जगातल्या प्रत्येक गोष्टीसाठी एक शब्द तयार असायचा, त्याला एकही सापडेना. आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. मी काहीतरी बोलायला हवं होतं असं वाटत होतं, पण सख्खी बहीण समोर होती.

शेवटी अक्काच दमून म्हणाली, "बरं. ऱ्हा. पर खरंच कवा काय झालं तर आमी इचारायचं कुणाला? बाळ्या, ह्याचा पत्ता लिवून घे नीट."

बाळासाहेबनं खिशातलं पेन काढलं. "सांगा, मामा."

"लिव. आप्पा मगदूम. केअर ऑफ..." आणि आप्पा थांबले. आयुष्यभर त्यांचा पत्ता म्हणजे केअर ऑफ ती अडत. त्याच पत्त्यावर पत्रं, त्याच पत्त्यावर रेशनकार्ड. ती आता त्यांची राहिली नव्हती.

"म्होरं? केअर ऑफ कोण?"

आप्पांनी आमच्याकडे पाहिलं नाही. मागायची त्यांना सवयच नव्हती.

"माझं लिवा," कांबळे सिस्टर म्हणाल्या. "केअर ऑफ कांबळे सिस्टर, समोरचं घर."

"आमचं लिहा," माझा नवरा पुढे झाला. "फोन आमच्याकडेच आहे."

"तुमचं नगं!" बाळासाहेब दचकून ओरडला, आणि पुन्हा सगळे हसले. पण मागून चौघे हमाल आपापली नावं सांगायला लागले होते. कोपऱ्यावरचा पिठाच्या गिरणीवाला, गल्लीच्या खालच्या अंगाची म्हातारी, सगळे एकदम. "आमचं लिवा." "आमचं बी टाका त्यात."

"अवो, केअर ऑफला एकच नाव असतंय!" बाळासाहेब म्हणाला.

"समदी लिव," अक्का म्हणाली.

तो लिहीत असताना आप्पा माझ्याजवळ आले. आवाज खाली होता. "टीचरबाई, ह्यो ऑफ कुठला म्हणायचा? कोण ऑफ झालं ह्यात?"

"आप्पा, हा तो नव्हे. आपण दोन्ही सारखेच म्हणतो, पण हा शब्द वेगळा आहे. ह्याचं स्पेलिंग वेगळं, अर्थ वेगळा. तो तुमचा ऑफ म्हणजे सुटलं, संपलं. हा म्हणजे चा, ची, चे. अमक्याचा. तमक्यांचा."

"म्हंजे आप्पा मगदूम..."

"यांचा. या सगळ्यांचा. यांनी काळजी घ्यायची म्हणून लिहायचं ते."

ते वळून बहिणीकडे गेले. "अक्का, मगाशी तू इचारलीस न्हवं, हितं माजं कोण..." त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली, आणि तिच्याखालून पाणी गालावर ओघळत राहिलं.

अक्कानं बाळासाहेबच्या हातातला तो कागद घेतला. तिला वाचता येत नव्हतं. पण खालपर्यंत भरलेल्या त्या ओळींवरून तिनं अंगठा फिरवला, कागद घडी करून पोलक्यात ठेवला आणि आप्पांच्या डोक्यावरची टोपी नीट केली.

"कळलं मला," ती म्हणाली. "बाळ्या, गाडी काढ."